डेटा टिकणार की उडणार? एडब्ल्यूएसवर साठवण, कॅश आणि क्यू कसे ओळखायचे

एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या एस-थ्री (फाइलींची साठवण), इलास्टिकॅश (कॅश, म्हणजे झटपट वाचायची तात्पुरती प्रत) आणि एसक्यूएस (क्यू, म्हणजे निरोपांची रांग) या तिन्हींत डेटा टाकता येतो आणि तिन्हींतून तो परत वाचताही येतो. नव्या टीमचा घोळ इथेच होतो, कारण यांतली टिकाऊ साठवण फक्त एस-थ्री आहे. कुठलीही नवी सर्व्हिस वापरायला घेताना आधी तीन प्रश्न विचारा. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर डेटा असेल का? तुम्ही न सांगता सर्व्हिस तो स्वतःहून पुसते का? आणि वाचून झाल्यावरही तो तिथेच राहावा अशी तिची रचना आहे का?

उत्तरं अनुक्रमे हो, नाही, हो अशी आली तरच ती साठवण. आरडीएस आणि डायनॅमोडीबी (डेटाबेस), ईबीएस (सर्व्हरला जोडायची डिस्क) आणि ईएफएस (अनेक सर्व्हरना सामायिक फाइल-साठवण) एस-थ्रीच्याच गटातले. एस-थ्री स्टँडर्ड प्रत्येक फाइल किमान ३ अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या डेटा-सेंटरांमध्ये) ठेवतं, तर ईबीएस व्हॉल्यूम एकाच झोनमध्ये असतो. म्हणून ईबीएसचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती) नियमित घ्यायलाच हवेत.

या गटासारखी दिसणारी एक फसवी डिस्क आहे: ईसी-टूच्या (एडब्ल्यूएसवर भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या) काही प्रकारांसोबत येणारं इन्स्टन्स स्टोअर. सर्व्हरच्या आतून ती साध्या डिस्कसारखीच दिसते. रीबूट केलं तरी डेटा शाबूत राहतो, त्यामुळे चाचणी करणाऱ्याला ती टिकाऊ वाटते. पण इन्स्टन्स (म्हणजे तो सर्व्हर) स्टॉप करून पुन्हा स्टार्ट केला की डेटा गेलेला असतो. चाचणी करायची तर स्टॉप-स्टार्टचीच करा. रूट ईबीएस व्हॉल्यूमवर 'डिलीट ऑन टर्मिनेशन' (सर्व्हर कायमचा काढला की डिस्कही पुसणं) मुळातच चालू असतं, तेही तपासा.

आता कॅश. इलास्टिकॅशमध्ये मेमकॅश्ड किंवा रेडिस चालवता येतं. मेमकॅश्ड तर मूळ रूपात मेमरीतच सगळं ठेवतं, नोड (त्याचा सर्व्हर) बदलला की पाटी कोरी. रेडिसला स्नॅपशॉट घेता येतो म्हणून अनेक जण त्यालाच डेटाबेस मानतात. पण शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचं लिखाण त्यात नसतं, आणि रेप्लिकाकडे (दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीकडे) डेटा थोडा मागून पोचत असल्यामुळे फेलओव्हरच्या वेळी, म्हणजे मुख्य सर्व्हर पडून ती प्रत त्याची जागा घेते तेव्हा, अगदी ताजं लिखाण हरवू शकतं.

त्याहून जास्त त्रास मेमरी भरल्यावर होतो. इलास्टिकॅशच्या रेडिसमध्ये डीफॉल्ट धोरण व्होलाटाइल-एलआरयू असतं, म्हणजे ज्या की-ला (म्हणजे नोंदीला) मुदत दिली आहे तीच हटवली जाते. समजा, लॉगिन सेशनला तुम्ही ३० मिनिटांची मुदत दिली आणि त्याच क्लस्टरमध्ये (कॅश-सर्व्हरच्या गटात) उत्पादनांची माहिती बिनमुदत ठेवली. मेमरी भरली की उत्पादनं जागेवर राहतात आणि ग्राहक मात्र मधेच लॉगआउट होतात. लॉगमध्ये एरर दिसत नाही, त्यामुळे कारण शोधण्यात वेळ जातो. सेशनसाठी वेगळं क्लस्टर घ्या आणि 'इव्हिक्शन्स'च्या (मेमरी भरल्यामुळे हटवलेल्या की-च्या) आकड्यावर अलार्म लावा.

मेमकॅश्डमधली मुदत सेकंदांत देतात. ती २५,९२,००० पेक्षा, म्हणजे ३० दिवसांपेक्षा जास्त दिली तर तो आकडा १९७० पासून मोजलेली तारीख समजला जातो. ३१ दिवसांची मुदत दिलेली नोंद त्यामुळे लिहिताक्षणीच कालबाह्य होते.

नुसत्या कमांड्स बघून मात्र निर्णय घेऊ नका. एडब्ल्यूएसचीच मेमरीडीबी ही सर्व्हिस रेडिसच्याच कमांड्स घेते, पण प्रत्येक लिखाण अनेक झोनमधल्या लॉगमध्ये पक्कं झाल्यावरच होकार देते. ती खरोखर डेटाबेस आहे.

मेसेजिंगमध्ये डेटा मुक्कामाला नसतो, तो प्रवासात असतो. एसक्यूएसमध्ये मेसेज मुळात ४ दिवस राहतो, जास्तीत जास्त १४. त्यानंतर कुणी वाचला नसला तरी तो पुसला जातो. वाचल्यावर तो मुळात ३० सेकंद इतरांपासून लपतो, आणि तेवढ्यात वर्करने (मेसेज उचलून काम करणाऱ्या प्रोग्रामने) डिलीट केला नाही तर पुन्हा दिसतो. बिलाचा मेल पाठवायला ४५ सेकंद लागत असतील तर दुसरा वर्कर तोच मेसेज उचलतो आणि ग्राहकाला दोन मेल जातात. हा लपण्याचा काळ, म्हणजे व्हिजिबिलिटी टाइमआउट, कामाच्या वेळेपेक्षा भरपूर जास्त ठेवा. शिवाय स्टँडर्ड क्यू एकच मेसेज दोनदा देऊ शकते, म्हणून ऑर्डर क्रमांकावरून 'हे काम आधी झालंय का' हे डेटाबेसात तपासा.

डेड-लेटर क्यूत (पुन्हा पुन्हा फसलेले मेसेज जिथे बाजूला जातात तिथे) टाकलेला मेसेज सुरक्षित असतो असंही धरून चालू नका. स्टँडर्ड क्यूमध्ये त्याची मुदत मूळ क्यूत आल्यापासूनच मोजली जाते. दोन्हीकडे ४ दिवस ठेवले आणि मेसेज तीन दिवसांनी तिकडे गेला, तर तपासायला हाती एकच दिवस उरतो. तिथली मुदत थेट १४ दिवस करा.

कायनेसिस ही सतत येणाऱ्या डेटाच्या प्रवाहाची सर्व्हिस साठवण आणि क्यू यांच्या सीमेवर आहे. तिथे वाचून झालं तरी नोंद राहते, पण मुळात २४ तासच. वाढवून ३६५ दिवसांपर्यंत नेता येते. रेडिसचं पब-सब (ऐकणाऱ्या सगळ्यांना एकदम निरोप देण्याची सोय) तर काहीच धरून ठेवत नाही, ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर मेसेज गेलाच.

ऑनलाइन दुकानात याची वाटणी अशी करावी: ऑर्डरची नोंद आरडीएसमध्ये, बिलाची पीडीएफ एस-थ्रीत, उत्पादनाचं पान रेडिसमध्ये आणि 'मेल पाठवा' हा निरोप एसक्यूएसमध्ये. निरोपात पीडीएफ कोंबू नका, तिचा एस-थ्रीमधला पत्ता द्या. आधी ऑर्डर डेटाबेसात लिहा, मग निरोप पाठवा. या दोन पावलांच्या मधे ॲप कोसळलं तर निरोप जातच नाही. म्हणून ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (ज्यात सगळं एकत्र लिहिलं जातं किंवा काहीच नाही) 'पाठवायचे निरोप' अशा टेबलात एक ओळ लिहा आणि वेगळ्या प्रोसेसने ती क्यूत टाका. किंमत बदलली तर डेटाबेस बदलून कॅशमधली की पुसा, पुढच्या वाचनाला ती नव्याने भरेल.

शेवटी टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये रेडिसवर फ्लशऑल (सगळ्या की पुसणारी कमांड) चालवा आणि क्यू पर्ज, म्हणजे रिकामी करा. साइट थोडा वेळ मंद झाली तर ठीक. एखादी ऑर्डर, पत्ता किंवा पेमेंटची नोंद गायब झाली तर ती चुकीच्या जागी ठेवली होती, तिला डेटाबेसात हलवा. आणि साइट मंद होण्याऐवजी डेटाबेसच आडवा पडला, तर कॅश आधी भरून घेणारी स्क्रिप्ट प्रॉडक्शनला जाण्यापूर्वी तयार ठेवा.