शिक्षणानुसार मृत्युदरातील तफावत कशी तपासावी

कमी शिकलेले पुरुष ऐन कमावत्या वयात अधिक प्रमाणात दगावतात, हे विश्वासार्ह नोंदी असलेल्या जवळपास सर्व देशांत दिसून आले आहे. तपासायचे असते ते तफावत किती आहे आणि ती वाढते आहे की घटते आहे. त्यासाठी आधी वयोगट ठरवावा. १५ ते ६४ हा रूढ गट येथे गैरसोयीचा ठरतो, कारण विशीतील अनेकांचे शिक्षण चालूच असते. म्हणून ३० ते ६४ हा गट घेणे बरे. उत्पन्नाऐवजी शिक्षण हा निकष वापरण्याचे कारणही याच्याशीच निगडित आहे: आजारपणात नोकरी जाते, पदवी जात नाही. अर्थात लहानपणीच्या आजारामुळे ज्याची शाळा सुटली, त्याच्या बाबतीत कार्यकारणभाव उलटा असू शकतो.

त्यानंतर शिक्षणाची माहिती कोठून आली ते पाहावे. माझ्या मते सर्वाधिक फसगत येथेच होते. मृत्यूंची संख्या मृत्यूदाखल्यांतून आणि लोकसंख्या जनगणनेतून घेतली, तर अंशातील शिक्षण मृत्यूनंतर नातेवाइकांनी सांगितलेले असते आणि छेदातील शिक्षण तो पुरुष हयात असताना नोंदवलेले असते. शाळा अर्धवट सोडलेल्याची नोंद नातेवाइकांनी ‘शालान्त उत्तीर्ण’ अशी केली, तर त्याचा मृत्यू वरच्या गटात मोजला जातो आणि तफावत आहे त्याहून कमी भासते. यावरचा उपाय म्हणजे एकाच व्यक्तीच्या दोन्ही नोंदी जुळवणे. अमेरिकेत किटागावा आणि हाउझर या संशोधकांनी १९६० च्या जनगणनेबाबत हेच केले आणि १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नॉर्डिक (उत्तर युरोपातील) देशांत व्यक्तिगत ओळखक्रमांकामुळे ही जुळणी संपूर्ण लोकसंख्येसाठी करता येते.

वयप्रमाणित दर, म्हणजे गटांच्या वयरचनेतील फरक वगळून काढलेले दर, नसतील तर तुलना करूच नये, कारण कमी शिकलेल्यांत वयस्कांचा भरणा अधिक असतो.

दर हाती आल्यावर गुणोत्तर आणि वजाबाकी दोन्ही काढावीत. समजा, दर लाख पुरुषांमागे कमी शिकलेल्यांत ६०० आणि उच्चशिक्षितांत २०० मृत्यू होत होते, आणि काही वर्षांनी हे आकडे ४५० व १२० झाले. गुणोत्तर ३ वरून ३.७५ वर गेले, म्हणजे विषमता वाढली. फरक ४०० वरून ३३० वर आला, म्हणजे ती घटली. दोन्ही विधाने खरी आहेत, त्यामुळे एकच आकडा पुढे करणाऱ्या मांडणीकडे थोडे साशंकतेनेच पाहावे.

दीर्घ कालखंडाची तुलना करताना गटांचा आकारही तपासावा. शाळा पूर्ण न करणारे एके काळी बहुसंख्य असतील आणि आता मूठभर उरले असतील, तर त्या मूठभरांत आधीपासूनच सर्वांत अडचणीत असलेले लोक एकवटलेले असतात. कोणाचीही प्रकृती बिघडली नाही तरी त्या गटाचा दर चढतो. अशा वेळी पदव्यांऐवजी प्रत्येक पिढीतील सर्वांत कमी शिकलेला एक चतुर्थांश भाग घेऊन तुलना करावी.

शेवटी मृत्यूची कारणे वेगळी काढावीत. केस आणि डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये ४५ ते ५४ वयाच्या गोऱ्या, बिगर-हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मूळ नसलेल्या) अमेरिकनांची आकडेवारी मांडली, तेव्हा शालेय किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांच्या मृत्युदरातील वाढीमागे मादक पदार्थ व मद्य यांची विषबाधा, आत्महत्या आणि यकृताचे जुनाट विकार ठळकपणे पुढे आले. तंबाखूमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग मात्र वेगळा वाचावा, कारण त्यात दिसते ती कित्येक वर्षांपूर्वीच्या धूम्रपानातील तफावत असते.