कार्टिंग ट्रॅकवर मुंबईचं ट्रॅफिक नेऊ नका: नवख्यांनी टाळायच्या चुका

मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाच्या अंगात तीन गोष्टी भिनलेल्या असतात. पुढच्याच्या बंपरवर नजर ठेवायची, फट मिळाली की नाक घालायचं आणि डावा पाय क्लचवर तयार ठेवायचा. सायन ते घाटकोपर एवढ्या भांडवलावर सुखरूप पोचता येतं. कार्टिंग ट्रॅकवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांच्या ट्रॅकवर, मात्र या तिन्ही सवयी वेळ खातात आणि कधी कधी अंगाशी येतात. रविवारी सकाळी कठड्याशी उभं राहून नव्या मंडळींच्या फेऱ्या बघा. चुका वेगवेगळ्या दिसतील, पण बहुतेकींचं मूळ रस्त्यावरच्या सवयीतच सापडेल.

आधी जिवाशी संबंधित गोष्ट

बाकी सगळ्या चुका फार तर काही सेकंद घालवतात. ही एक तशी नाही. सीटच्या मागे कार्टचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, वेगाने फिरत असतो आणि साध्या कार्टवर तो पुरता झाकलेला असेलच असं नाही. मोकळे केस, ओढणी, स्कार्फ, कमरेला बांधलेलं जॅकेट यांतलं काहीही त्यात ओढलं जाऊ शकतं. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ केस असे अडकून दोन तरुण स्त्रियांचा जीव गेला.

नुसता पोनीटेल पुरत नाही, तो हेल्मेटखालून बाहेरच राहतो. केसांचा अंबाडा घाला, त्यावर बॅलाक्लावा म्हणजे डोक्याची कापडी टोपी चढवा आणि ती टी-शर्टच्या गळ्यात खोचा. ओढणी बाहेर ठेवून या. हेल्मेटचा पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जायला हवीत. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकलून बघा. ते डोक्यावरून निसटत असेल तर लहान साइझ मागून घ्या. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नका. जिथे कर्मचारी हे तपासत नाहीत तिथे पैसे भरलेले असले तरी कार्टमध्ये बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

डाव्या पायाला नवीन काम

भाड्याच्या कार्टला दोनच पेडल असतात. उजव्या पायाला ॲक्सिलरेटर, डाव्या पायाला ब्रेक. मधून स्टिअरिंगचा दांडा जातो, त्यामुळे उजवा पाय ब्रेकवर नेण्याचा प्रश्नच येत नाही. मॅन्युअल गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला मात्र क्लचचीच सवय. हाफ क्लचमुळे तो हळू सुटायला शिकलेला असतो, पण दाबताना थेट तळापर्यंत जातो. वळण आलं की तो ब्रेकवरही तेच करतो. भाड्याच्या बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलवर असतो. तो एकदम दाबला की मागची दोन्ही चाकं जाम होतात आणि जाम झालेला टायर बाजूची पकड सोडून देतो. अशा वेळी स्टिअरिंग जरासं वळलेलं असलं तरी कार्ट गर्रकन फिरते.

पहिल्या दोन फेऱ्या या पायाला द्या. तसेही टायर तेव्हा थंड असतात, त्यामुळे जोर लावून हाती काही लागत नाही. डावी टाच फ्लोअरला टेकवून ठेवा आणि फक्त पंजाने दाबा. स्टिअरिंग सरळ असतानाच बहुतेक ब्रेक उरकून घ्या आणि वळायला सुरुवात झाली की दाब कमी करत न्या. टायर किंचाळले तर पुढच्या फेरीत तिथेच थोडा कमी दाबून बघा. चार-पाच वळणांत पाय शिकतो, फक्त त्याच्याकडे लक्ष हवं.

याच पायाची दुसरी खोड म्हणजे ब्रेकवर विसावणं. "माझ्या कार्टला पिकअपच नाही, बदलून द्या" ही तक्रार प्रत्येक ट्रॅकवर ऐकू येते. भाड्याच्या कार्टमध्ये साधारण दोनशे सीसीचं, पाच-सहा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं. एवढ्याशा ताकदीला ब्रेकचा हलका घासही पुरतो. शिवाय क्लच सेंट्रिफ्यूगल, म्हणजे इंजिनचे आरपीएम वाढले की आपोआप पकडणारा. दोन्ही पेडल एकदम दाबली की तो घसरून तापतो आणि जळका वास येतो. काही कार्टमध्ये तर ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटर आपोआप बंद होतो. कार्ट बदलून मागण्याआधी सरळ पट्ट्यावर डावा पाय कुठे आहे ते बघा. पाय मोकळा असूनही ती मागे पडत असेल तर जरूर सांगा, कारण एकाच ट्रॅकवरच्या दोन कार्टमध्येही फरक असतो. वजनाचाही परिणाम होतो. नव्वद किलोचा माणूस साठ किलोच्या मित्रापेक्षा वळणातून बाहेर पडताना थोडा मागे राहणारच.

वळणावर अंग आत टाकणं

बाइक चालवणारे हे हमखास करतात आणि कार्टमध्ये ते उलटं पडतं. कारण समजून घेण्यासारखं आहे. कारच्या ॲक्सलवर डिफरन्शियल नावाची गिअरची जोडणी असते, त्यामुळे वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. कार्टला ती नसते. मागचा ॲक्सल एकच सलग दांडा, दोन्ही चाकं सारखीच फिरणार. मग वळायचं असेल तर आतलं मागचं चाक जमिनीवरून जरासं सुटावं लागतं. कार्टला सस्पेन्शनही नसतं, लोखंडी चॅसी, म्हणजे सांगाडा, स्वतःच पिळवटते. स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जाईल आणि मागचं आतलं हलकं होईल, अशीच पुढच्या चाकांची रचना असते. तुम्ही आत झुकलात की तेच हलकं होणारं चाक पुन्हा जमिनीला दाबता. मग मागची दोन्ही चाकं कार्टला सरळ ढकलत राहतात आणि पुढची घसरतात. हातात स्टिअरिंग वळलेलं, पण कार्ट सरळ चाललेली.

यावर बहुतेक जण स्टिअरिंग आणखी वळवतात, त्याने पुढचे टायर जास्तच घासतात. खरं तर स्टिअरिंग किंचित सोडायचं, क्षणभर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि पुढच्या चाकांनी पकड घेतली की पुन्हा वळवायचं. पाठ सीटला टेकलेली ठेवा. अंग आपोआप बाहेर झुकलं तर झुकू द्या. हात घड्याळाच्या पावणेतीनच्या जागी असावेत आणि पकड सैल असावी.

सीट मोठी पडत असेल तर पॅड मागा. सैल सीटमध्ये माणूस नकळत स्टिअरिंगला लटकतो. दहा मिनिटांत मनगटं भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी बरगड्या ठणकतात. नियमित जाणार असाल तर सूट, बूट यांच्या आधी रिब प्रोटेक्टर आणि हातमोजे घ्या. बरगडीला एकदा मार बसला की कित्येक आठवडे शिंकतानाही जीव जातो.

फट आणि लाइन

रस्त्यावर आपण आपल्या लेनमध्ये वळतो. ट्रॅकवर पूर्ण रुंदी आपली असते, तरी नवखा माणूस आतल्या कडेला चिकटून वळण घेतो, कारण ते अंतर कमी. त्याने वळण आणखी अरुंद होतं आणि वेग जातो. बाहेरून या, मध्यावर आतल्या कडेला स्पर्श करा आणि सुटताना पुन्हा बाहेर जाऊ द्या. या वाटेलाच लाइन म्हणतात. सगळी वळणं मात्र सारखी महत्त्वाची नसतात. सर्वांत लांब सरळ पट्ट्याच्या आधीचं वळण शोधा आणि तिथे आत शिरायची घाई करू नका. आतली कड थोडी उशिरा गाठली की सुटताना स्टिअरिंग लवकर सरळ होतं आणि ॲक्सिलरेटर लवकर पूर्ण दाबता येतो. तो फायदा मग पूर्ण पट्टाभर मिळत राहतो. दोन वळणं लागोपाठ असतील तर पहिल्यात थोडं सोडून द्या, दुसऱ्यात वसूल होतं.

नजर बंपरवरून उचलणं सर्वांत कठीण. पुढच्याच्या कार्टकडे बघत राहिलात तर त्याची प्रत्येक चूक तुम्हीही कराल. ब्रेक लावताना आतल्या कडेकडे बघा आणि तिथे पोचायच्या आत नजर बाहेर पडण्याच्या जागेवर न्या. मान वळली की हात मागोमाग वळतात.

ओव्हरटेक म्हणजे फटीत शिरणं नव्हे. वळायला सुरुवात व्हायच्या आत तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या सीटपर्यंत पोचलेलं नसेल तर जागा त्याची आहे. कार्टची चाकं उघडी असतात, चाकावर चाक चढलं तर कार्ट उडू शकते. कॉलेजचे किंवा ऑफिसचे ग्रुप मुद्दाम धडका मारतात, त्यांना जत्रेतल्या टकरीच्या गाड्या आणि या कार्ट यांतला फरक बसण्याआधीच कोणीतरी सांगायला हवा.

निळा झेंडा तुम्हाला दाखवला जात असेल तर मागून जास्त वेगवान कोणीतरी आलंय. सरळ पट्ट्यावर एका बाजूला राहून त्याला जाऊ द्या, ॲक्सिलरेटर एकदम सोडू नका. पिवळ्यावर वेग कमी करायचा, ओव्हरटेक नाही. लाल दिसला की फेरी थांबली. काळा तुम्हाला दाखवला तर थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करायच्या जागी. कार्ट फिरून थांबली तर दोन्ही हात वर करा आणि बसून राहा. ढकलायला म्हणून खाली उतरणं ही या खेळातली फार धोक्याची चूक आहे, कारण मागून येणाऱ्याला कार्ट दिसते, वाकलेला माणूस दिसत नाही.

मुंबईची हवा

पहिल्या पावसात वेस्टर्न एक्स्प्रेसवर बाइक का घसरतात ते आपल्याला माहीत आहे. धूळ आणि तेल पाण्यावर तरंगतं. ट्रॅकवर त्यात टायरच्या रबराची भर पडते. कोरड्यात सर्वांत चांगली पकड देणारी लाइन ओल्यात सर्वांत निसरडी होते, कारण तिथेच रबर बसलेलं असतं. ओल्या ट्रॅकवर रोजच्या लाइनपासून थोडं बाजूला, वळणात जास्त बाहेरून जाऊन बघा आणि ब्रेक बराच आधी लावा. शहरातले ट्रॅक सुरू-बंद होत राहतात. पवईच्या हाकोने ट्रॅकवर एका पिढीने पहिलं स्टिअरिंग धरलं, त्यानंतर वडाळ्यासारख्या ठिकाणी ट्रॅक आले. त्यामुळे निघण्याआधी फोन करून आज ट्रॅक सुरू आहे ना, एवढं विचारा. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन सेशनमध्ये अर्धा तास ठेवा आणि लिंबूसरबत किंवा कोकम सरबत प्या. शेवटच्या फेऱ्यांत वेळ वाढत गेली तर टायरला दोष देण्याआधी किती पाणी प्यायलात ते आठवा.

टाइमशीट वाचताना

टाइमशीटवर, म्हणजे प्रत्येक फेरीच्या वेळेच्या कागदावर, सगळे फक्त सर्वांत वेगवान फेरी बघतात. त्याऐवजी सगळ्या फेऱ्या शेजारी ठेवा. त्यांत एका सेकंदापेक्षा जास्त चढउतार असेल तर अजून वेग शोधायची वेळ आलेली नाही. एका सेशनमध्ये एकाच वळणावर काम करा.

मुलांच्या बाबतीत हे जास्त लागू आहे. मुंबईचा जेहान दारूवाला डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला फॉर्म्युला टूची, म्हणजे फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालची, शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. त्याची सुरुवात कार्टपासूनच झाली, त्यामुळे पालकांना वाटणारी ओढ समजते. पण स्पर्धेतल्या, रोटॅक्स कंपनीच्या इंजिनाच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक सीनियर कार्टची ताकद तीस हॉर्सपॉवरच्या आसपास असते, तिचा खर्चही त्याच पटीत. भाड्याच्या कार्टमध्ये फेऱ्या एकसारख्या येऊ लागल्यावर कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीसारख्या ठिकाणी शिकायला पाठवा. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स आणि स्वतःची कार्ट हे त्यानंतर.

स्वतःची कार ट्रॅकवर नेताना

मुंबईत पूर्ण लांबीचं सर्किट नाही. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टै, कोइम्बतूरचं कारी किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाठावं लागतं. पण ते दूर पडतं म्हणून कोस्टल रोड किंवा अटल सेतूवर रात्री वेग काढणं ही चूक नव्हे, गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली रस्त्यावरच्या शर्यतीला तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी सर्किटवर चालवू देणाऱ्या दिवशी, जायचं ठरलं की विम्याची पॉलिसी उघडून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. तिथे गाडी ठोकली तर खर्च तुमच्या खिशातून.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं बाष्प शोषतं आणि मुंबईच्या दमट हवेत त्याला भरपूर बाष्प मिळतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात कधी न जाणवलेला फरक ट्रॅकवर काही फेऱ्यांत जाणवतो, ऑइल उकळून पेडल स्पंजासारखं मऊ होतं आणि तळाला जातं. तसं झालं तर वेग उतरवून पिटमध्ये या. एरवीही शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारा आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. निघण्याआधी ब्रेक ऑइल नवं भरून घ्या, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा आणि गाडी पूर्ण रिकामी करा. दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली, सुटी मॅट, सीटखालची छत्री सगळं बाहेर. डॅशबोर्डवरचा गणपतीही टेपवर विसंबून ठेवू नका. तो काढून रुमालात गुंडाळा आणि बॅगेत घालून पिटमध्ये ठेवा. जोरात ब्रेक लागला की सुटी वस्तू पुढे येते आणि ब्रेक पेडलच्या मागे जाऊन अडकते.