कायद्याच्या पहिल्या वर्षात मदतवर्गाला जाण्याविषयी

मराठी माध्यमातून बारावी करून मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात पडला तो प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचा, १९०३ सालचा ‘मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ हा निकाल. शब्दकोश उशाशी ठेवून मी तो तीन रात्री वाचला. चाचणीत धर्मोदासने अज्ञान असताना, म्हणजे वयाने सज्ञान झालेला नसताना, मालमत्ता कशी गहाण ठेवली आणि सावकाराच्या माणसाला त्याच्या वयाची कल्पना कशी होती, हे सारे दोन पाने भरून लिहिले. दहापैकी तीन गुण मिळाले आणि समासात लाल शाईने प्रश्न होता : ‘तत्त्व कुठे आहे?’ अज्ञान व्यक्तीचा करार मुळापासूनच शून्य असतो, हे एक वाक्य मी लिहिलेच नव्हते.

या अडचणीवरची संस्थात्मक मदत अमेरिकेत आपल्या आधी उभी राहिली. तेथे १९६८ मध्ये ‘क्लिओ’ ही परिषद स्थापन झाली आणि गरीब व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी प्रवेशापूर्वीचे उन्हाळी वर्ग सुरू झाले. पुढे ही मदत प्रत्यक्ष पहिल्या वर्षाच्या अभ्यासातही आली, आणि आज अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या, विधी महाविद्यालयांना मान्यता देण्याच्या निकषांतच ती समाविष्ट आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेतून मागासवर्गीय व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी रेमेडियल कोचिंग चालत असे, पण ते सर्व विद्याशाखांसाठी होते. २००८ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे दार ‘क्लॅट’ या इंग्रजी परीक्षेतून उघडू लागले आणि ग्रामीण मुले बाहेरच राहतात हे ठळकपणे दिसू लागले, तेव्हा प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला. प्रवेशपरीक्षेच्या तयारीबरोबरच, प्रवेश मिळालेल्या मुलांना आर्थिक मदत आणि मार्गदर्शक मिळवून देण्याचे कामही त्यात आहे. माझ्या मते या उपक्रमाचे मोठेपण याच दुसऱ्या भागात आहे.

आमच्या संस्थेत मात्र सुरुवातीला मदतवर्गासाठी ‘कच्च्या’ विद्यार्थ्यांची यादी सूचनाफलकावर लावली जाई. यादीत नाव असलेली मुले त्या मार्गिकेतून जाणेच टाळत, आणि वर्ग रिकामा राही. दुसऱ्या सत्रात नव्या बाईंनी यादी काढून टाकली आणि वर्ग सर्वांसाठी खुला केला. मग वर्गात पहिली येणारी मुलगीही माझ्या शेजारी येऊन बसू लागली, आणि मला तेथे जाताना कधी मान खाली घालावी लागली नाही.

त्या वर्गात व्याकरण शिकवले जात नसे. बाई अर्ध्या पानाचा प्रसंग देत आणि कायद्याचा मुद्दा कोणता, नियम कोणता, तो या माणसांना कसा लागू होतो आणि निष्कर्ष काय, हे आधी मराठीत लिहायला लावत. त्यानंतर तेच इंग्रजीत लिहायचे, त्यांच्या खुणा पाहून पुन्हा लिहायचे. निकालात रेशो (निर्णयाचा बंधनकारक आधार) कुठे संपतो आणि ऑबिटर (न्यायाधीशांचे ओघात आलेले भाष्य) कुठे सुरू होते, हे त्या पेन्सिलीने रेघ मारून दाखवत. ही सवय किती मोलाची आहे, हे १ जुलै २०२४ ला कळले. त्या दिवसापासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ चे १०३ झाले आणि सिनियरांच्या नोट्स एका रात्रीत जुन्या झाल्या. ज्यांना कायद्याचा मूळ मजकूर, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट स्वतः वाचता येत होता, त्यांचे फारसे अडले नाही.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, नापास होण्याची वाट न पाहता पहिल्या आठवड्यातच अशा वर्गाला जा. जाताना ‘काहीच समजत नाही’ एवढेच सांगू नका. अर्धवट का होईना, पण लिहिलेले उत्तर घेऊन जा, कारण शिकवणाऱ्याला कागदावरची चूक दुरुस्त करता येते. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजीला पर्याय नाही, परंतु मराठीतून विचार करण्याची लाज बाळगू नका. महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांचे बरेचसे काम मराठीतच चालते.

पहिल्या इंटर्नशिपला तालुका न्यायालयात एका वकीलसाहेबांनी आमच्यासमोर जमिनीच्या दाव्याची फाईल ठेवली. इंग्रजी माध्यमातून आलेले माझे दोन सहकारी सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’ या अक्षरांपाशी थांबले. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे खातेदार सज्ञान नाही आणि त्याच्या वतीने आई व्यवहार पाहते, असे मी त्यांना सांगितले. मग ती जमीन त्या मुलाने स्वतः विकली असती तर काय झाले असते, असे त्यांनी विचारले, आणि चाचणीत राहून गेलेले ते वाक्य मी त्यांना न अडखळता सांगितले.