घरचा कन्सोल ऑनलाइन खेळायला असा जोडा: आधी वायर, मग बाकीचं

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा दिवाळीच्या सुट्टीत फोन आला. "ओ मामा, नेट आहे, गेम पण लागतोय, पण पुण्याच्या मित्राचा आवाजच येईना. लॉबीत घेतलं की बाहेर फेकतंय." (लॉबी म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात ती गेममधली खोली.) फोन करण्याआधी त्यानं वडिलांना पटवून १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला होता. महिन्याचं बिल वाढलं, आवाज काही आला नाही.

बहुतेक घरांत हीच चूक होते. नेट अडलं की लोक प्लॅन वाढवतात. गेम डाउनलोड करायला मोठा प्लॅन लागतो, हे खरं. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसवर उतरवायला साडेचार तासांच्या आसपास लागतात, कारण गेमचं माप बाइटमध्ये असतं, नेटचा वेग बिटमध्ये, आणि बाइटचे बिट करताना आठनं गुणावं लागतं. पण एकदा गेम उतरला की प्रत्यक्ष खेळायला तासाला एक जीबीसुद्धा लागत नाही, त्याच्या बरंच खाली काम भागतं. खेळताना दोनच गोष्टी लागतात. माहितीची छोटी-छोटी पाकिटं वेळेवर जायला-यायला हवीत, आणि बाहेरच्याला तुमचं घर सापडायला हवं. पहिलं काम वायरचं, दुसरं राउटरच्या सेटिंगचं.

त्याआधी खात्याचं उरकून घ्या. प्लेस्टेशनवर खातं काढताना देश 'इंडिया' निवडा आणि नीट बघून निवडा, कारण तो नंतर बदलता येत नाही. दुबईच्या काकांनी पाठवलेलं तिकडचं गिफ्ट कार्ड इथल्या खात्यावर चालत नाही, हे बऱ्याच जणांना कार्ड खरवडल्यावर कळतं. मुलाच्या नावानं खातं काढायचं असेल तर आधी आई किंवा वडिलांचं खातं हवं, मग त्याखाली मुलाचं. खोटी जन्मतारीख टाकून मोकळं होऊ नका, पासवर्ड विसरला की तीच तारीख विचारतात. विकत घेतलेले गेम इतरांशी ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचं सदस्यत्व लागतं. फोर्टनाइट, रॉकेट लीगसारख्या फुकट गेमना लागत नाही. एक्सबॉक्सवर हेच काम गेम पास करतो आणि तिथंही फुकट गेमना पैसे पडत नाहीत.

आता वायर.

फायबरचा डबा बहुतेक घरांत हॉलमध्ये दाराजवळ असतो, कारण वायरमनला तिथपर्यंतच वायर ओढायची असते. कन्सोल असतो मुलांच्या खोलीत. मधल्या अंतरासाठी कॅट ६ ची केबल घ्या. साधी कॅट ५ई घेतली तरी चालते, दोन्ही १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेतात आणि घरात एवढं अंतर कुठंच नसतं. सोलापूरच्या नव्या पेठेत तयार केबल मिळते, नाहीतर मापाची बनवून घ्या. दाराच्या चौकटीवरून, जिन्याच्या कडेनं प्लॅस्टिकची केसिंग पट्टी मारून न्या. विजेची वायर ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत ही कोंबू नका.

भाच्याकडे मी हेच केलं. वीस मीटर केबल, दोन्ही टोकांना जॅक बसवून घेतले, कन्सोलला लावली. वेग दाखवला ९४. प्लॅन २०० चा आणि वायरीतून ९४? हा आकडा ओळखीचा करून ठेवा. प्लॅन १०० च्या वरचा असून वायरीवर वेग नव्वदीत अडकला की जोडणी १०० वर चाललीय असं समजा. या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार लागली नाही तर दोन्हीकडची यंत्रं मुकाट्यानं केशरी आणि हिरव्या जोडीवर काम भागवतात आणि वेग १०० वर उतरतो. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

जॅक पारदर्शक असतो, तो उजेडात धरा. समोरून पाहिलं तर आठ तांब्याचे ठिपके एका रांगेत, थेट टोकाला टेकलेले दिसायला हवेत. आमच्या जॅकमध्ये निळी तार अर्धा सूत मागं राहिली होती, पितळी दातानं तिला धरलंच नव्हतं. रंगांचा क्रम बरोबर होता: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. फक्त तारा कापताना एका रेषेत कापल्या नव्हत्या. जॅक कापून नवा बसवला, वेग १९० च्या वर गेला. अजून एक बघा. काही फायबरच्या डब्यांवर चार पोर्ट असले तरी त्यातला एकच गिगाबिटचा असतो. पोर्ट बदलून बघायला पैसे पडत नाहीत.

वायर नेणं शक्यच नसेल तर वायफाय. पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात दगडमातीच्या भिंती दोन-दोन फुटांच्या आहेत. हॉलमधला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पलीकडच्या खोलीत पोचेपर्यंत मान टाकतो. २.४ पोचतो, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे सगळे राउटर, मायक्रोवेव्ह आणि कन्सोलच्या कंट्रोलरचं ब्लूटूथही असतं. त्यामुळे एकाच खोलीत किंवा एका पातळ भिंतीपलीकडे असाल तर ५, नाहीतर २.४ घ्या आणि चॅनल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो निवडा. २०१३ चा पहिला जाडा प्लेस्टेशन ४ फक्त २.४ च ओळखतो, त्याच्या यादीत ५ चं नाव दिसलं नाही म्हणून राउटरला दोष देऊ नका. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळता येतं, पण पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, खालीवर होत राहतो. एखाद्या रात्रीपुरतं ठीक.

कन्सोलमधली जोडणी दोन मिनिटांची आहे. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, नेटवर्क, पुन्हा सेटिंग्ज, मग 'सेट अप इंटरनेट कनेक्शन'. केबल लावली असेल तर वायर्ड लॅन निवडा, नसेल तर वायफायचं नाव आणि पासवर्ड. एक्सबॉक्सवर सेटिंग्ज, जनरल, नेटवर्क सेटिंग्ज. निन्टेन्डो स्विचच्या ओएलईडी मॉडेलच्या डॉकला केबलचा पोर्ट आहे, जुन्या डॉकला यूएसबीचा अडॅप्टर लागतो. डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सोय) आपोआप राहू द्या. १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकल्यानं नाव शोधणं थोडं लवकर होईल, पण चालू सामन्यातला लॅग, म्हणजे उशीर, त्यानं जात नाही. व्हिडिओत कुणी कितीही छातीठोकपणे सांगो.

लॅगचा हिशेब मात्र करून ठेवण्यासारखा आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर धरा. जाऊन-येऊन ८०० म्हणजे ४ मिलिसेकंद. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या टप्प्यालाच जाऊन-येऊन किमान ४० मिलिसेकंद. तार सरळ जात नाही आणि वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून चांगलाच जास्त येतो, पण कमी कधीच येणार नाही. म्हणून गेममध्ये सर्व्हर निवडायची सोय असेल तर मुंबई किंवा इंडिया निवडा. एखाद्या गेमचा सर्व्हर भारतात नसून सिंगापुरात असेल, तर कितीही महाग प्लॅन घ्या, तो ४० कुणाच्या बापाला कमी करता येणार नाही.

पिंग बघायचा तो रात्री नऊ-दहाला, सगळं गाव मोबाइलवर असतं तेव्हा. दुपारी तीनला सगळ्यांचंच नेट चांगलं असतं.

इथल्या हवेबद्दलही दोन शब्द. प्लेस्टेशन ५ च्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय आणि एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशीपार असतो. काचेच्या बंद शोकेसमध्ये कन्सोल किंवा राउटर ठेवू नका. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर असेल तर कापसाचा बारीक तंतू जाळ्यांवर बसतो, महिन्याला ब्रशनं झाडा. (तिथं हेडसेट पण बंद कानाचाच घ्या, नाहीतर मित्राला तुमच्याऐवजी माग ऐकू येतो.) आणि लाइट. ती अर्धा मिनिट गेली तरी फायबरचा डबा आणि राउटर पुन्हा उठून उभे राहायला दोन-तीन मिनिटं घेतात. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस त्या दोघांना लावला तर घरातलं नेट तरी टिकतं. कन्सोल बंद पडेल तो पडेल, उतरत असलेला गेम मात्र जिथं थांबला तिथून पुढं सुरू होतो. डब्यावर तांबडा 'लॉस'चा दिवा लागला असेल तर बहुधा तुमच्या हातात काही नाही, तार बाहेर कुठंतरी तुटलेली असते. सरळ तक्रार नोंदवा.

एवढं सगळं करूनही भाच्याला आवाज येईना. कारण अडचण दुसऱ्या कामात होती, बाहेरच्याला घर सापडण्यात, म्हणजे नॅटमध्ये.

जुना वाडा डोळ्यांपुढं आणा. पत्ता एक, भाडेकरू दहा. आतल्या कुणी पत्र पाठवलं तर दारावरचा माणूस लक्षात ठेवतो आणि उत्तर आलं की बरोबर त्याच्या खोलीत देतो. पण बाहेरून अनोळखी पाहुणा आला आणि नुसता वाड्याचा पत्ता सांगू लागला तर कुणाकडे जायचंय हे दारावरच्याला कळत नाही. तो परत पाठवतो. राउटर म्हणजे तो दारावरचा माणूस, आणि एका पत्त्यामागं सगळ्यांना बसवायची ही त्याची पद्धत म्हणजे नॅट. मित्राचा कन्सोल तुमच्या कन्सोलशी थेट बोलायला येतो, तो हा पाहुणा.

प्लेस्टेशनवर नेटवर्कमधल्या कनेक्शन स्टेटसमध्ये नॅटचा प्रकार दिसतो. टाइप २ असेल तर उत्तम, काही करू नका. टाइप ३ म्हणजे आवाज न येणं, लॉबी तुटणं, खोली बनवली तर कुणी न येणं. टाइप १ च्या मागं लागू नका, तो राउटरशिवाय थेट जोडल्यावर येतो. एक्सबॉक्सवर हेच ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट. तिथं 'डबल नॅट'ची सूचनाही येते.

टाइप ३ आला तर या क्रमानं जा. राउटरच्या पानावर शिरा, पत्ता आणि पासवर्ड मागच्या स्टिकरवर असतो. यूपीएनपी बंद असेल तर चालू करा, म्हणजे कन्सोल स्वतःच दारावरच्याला सांगून ठेवतो की माझे पाहुणे आत सोड. राउटर आणि कन्सोल दोन्ही बंद करून चालू करा, पुन्हा तपासा. अर्ध्या घरांचं काम इथंच संपतं.

नाही संपलं तर घरात दोन राउटर आहेत का बघा. कंपनीचा डबाही राउटर आणि त्यामागं तुम्ही हौसेनं घेतलेला दुसरा, म्हणजे दोन दारांवर दोन माणसं. तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, दारावर बसणार नाही. दोन नसतील आणि यूपीएनपीही दाद देत नसेल तर राउटरमध्ये कन्सोलला कायमचा आतला पत्ता राखून द्या आणि त्या पत्त्याकडे पोर्ट वळवा (हे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, राउटरमध्ये टाकायचे नंबर; टीसीपी आणि यूडीपी हे पाकिटं पाठवायचे दोन प्रकार): प्लेस्टेशनला टीसीपी ३४७८ ते ३४८० आणि यूडीपी ३४७८, ३४७९, एक्सबॉक्सला ३०७४.

भाच्याकडे यातलं काहीच लागू पडेना, तेव्हा मी राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी', म्हणजे कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघितला. सुरुवात १००.७२ नं. तिथंच कळलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते नेट देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखलेले आहेत. पत्त्यांचा तुटवडा म्हणून कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागं बसवते, अख्ख्या पेठेला एकच दार. याला सीजीनॅट म्हणतात. ते असलं की दरवेळी टाइप ३ च येतो असं नाही, पण आला तर तुमच्या राउटरमध्ये काहीही करून तो जात नाही. १० नं सुरू होणारा वॅन पत्ता दिसला तरी अर्थ बहुधा हाच.

फोन लावला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, तुमचा गेमच खराब असेल, यूट्यूब चालतंय ना?" यूट्यूब चालणारच, ते पत्राचं उत्तर आहे, पाहुणा नव्हे. म्हणून फोनवर 'गेम अडकतोय' असं म्हणूच नका. नेमकं एवढं बोला: "माझं कनेक्शन सीजीनॅटमागं आहे, मला पब्लिक आयपी हवा आहे, त्याचे महिन्याला किती?" पब्लिक आयपी म्हणजे बाहेरच्यांना थेट सापडणारा, फक्त तुमचा पत्ता. पलीकडच्याला नाही कळलं तर टेक्निकलवाल्याकडे जोडून द्यायला सांगा. सगळे देतात असं नाही, देतात ते बहुधा वेगळे पैसे घेतात. भाच्यानं तिसऱ्या फोनला माणूस गाठला, आणि २०० चा प्लॅन परत १०० वर आणून वाचलेले पैसे त्यात घातले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राउटर बंद-चालू केला, यूपीएनपी चालू होतंच. कनेक्शन स्टेटस: टाइप २. त्यानं पुण्याच्या मित्राला पार्टीत, म्हणजे कन्सोलवरच्या गप्पांच्या ग्रुपात, घेतलं, हेडसेटचा एक कान माझ्याकडे दिला. आधी नुसती खरखर, आणि मग मित्राच्या घरातल्या कुकरची शिट्टी.