एनसीलाच एफआयआर समजताय? फौजदारीतल्या या चुका टाळा

"साहेब, तक्रार देऊन वर्ष झालं, कोर्टाची तारीख कशी लागत नाही?" असं कुणी विचारलं की मी आधी कागद मागतो. बहुतेक वेळा कागदाच्या डोक्यावरच उत्तर छापलेलं असतं: अदखलपात्र. म्हणजे एनसी. एफआयआर होतो तो दखलपात्र गुन्ह्याचा, त्यात पोलीस स्वतःहून तपास करतात. अदखलपात्र गुन्ह्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. नोंद होते, प्रत मिळते आणि गाडी तिथेच थांबते.

एक गृहस्थ आले होते. बांधावरून भांडण झालेलं, शेजाऱ्याने मनगटावर दांडा घातलेला. ठाण्यात रात्री नोंद झाली ती शिवीगाळ आणि साध्या मारहाणीची. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तर हाड मोडलेलं! हाड मोडलं की ती गंभीर दुखापत. तिला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र. पण एक्स-रे ठाण्यात नेऊन द्यायचं कुणालाच सुचलं नाही. एनसीला मात्र लॅमिनेशन करून घेतलं होतं. माझ्याकडे आले तेव्हा 14 महिने उलटलेले. साध्या दुखापतीची दखल घ्यायची कोर्टाची मुदत 1 वर्ष, ती संपलेली. गंभीर दुखापतीला तशी मुदत आड येत नाही, म्हणून अर्ज केला. पण तोवर भांडण सोडवायला आलेल्या दोघांपैकी एक गाव सोडून गेला होता आणि दुसऱ्याला काही आठवत नव्हतं.

म्हणून माझी सवय सांगतो. ठाण्यातून बाहेर पडायच्या आधी कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर (म्हणजे एफआयआर) आहे की एनसी नंबर, ते तिथेच उभं राहून बघायचं. फिर्याद वाचून, नाहीतर वाचून दाखवायला लावून, मगच सही करायची. "नंतर पुरवणी जबाबात घालू" यावर विसंबू नका. राहून गेलेल्या वाक्यावरून उलटतपासणीत तासभर घाम फुटतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या. दखलपात्र गुन्हा दिसत असूनही नोंदवून घेत नसतील तर एसपींना, म्हणजे पोलीस अधीक्षकांना, लेखी कळवा, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर आहे, म्हणजे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर. ठाण्यात आरडाओरडा करून व्हिडिओ काढणाऱ्यांना मी हल्ली समजावत नाही.

दुसरी लाडकी चूक: जामीन झाला म्हणजे सुटलो. अहो, केस अजून सुरूच व्हायचीय! आरोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्षीपुरावे, युक्तिवाद आणि मग निकाल. जामीन म्हणजे बोलावू तेव्हा हजर राहीन एवढीच हमी. एक तरुण पोरगा दोन तारखा चुकला, कारण मित्राने सांगितलेलं, "वकील असतो ना!" अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि ऐन बहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी पोलीस दारात. जायला जमत नसेल तर वकिलाला आदल्या दिवशी सांगा, हजेरीमाफीचा अर्ज देता येतो. तारीख मोबाइलमध्ये ठेवा, पण घरच्या कॅलेंडरवरही पेनाने लिहा. मोबाइल बदलतात, भिंतीवरचं कॅलेंडर आई बघतेच.

बाकीच्या चुका पटापट.

न्यायालयीन कोठडी ही शिक्षा नव्हे. पोलीस कोठडीत आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतो, न्यायालयीन कोठडीत तुरुंगात. खटला दोन्हीकडे बाकीच असतो.

आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिताना तरी लक्षात ठेवा.

"मी केस मागे घेतो" असं फिर्यादीच्या हातात नसतं. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. तडजोडपात्र गुन्हा असेल तरच आपसात मिटवता येतं, काहींना त्यासाठीही कोर्टाची परवानगी लागते.

तपासात पोलिसांनी घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याने सही करायची नसते. फिर्यादीवर करायची असते. लोक नेमकं उलटं करतात.

आणि कलमं व्हिडिओ बघून पाठ करू नका. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणूक आता 318, खुनाची शिक्षा 103. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात. परवा एक जण मला बजावत होता, "त्याच्यावर 420च लावा." नव्या संहितेत कलमंच 358 आहेत.