समांतर विश्वांच्या मालिकेत कंटिन्युइटी सांभाळताना

समांतर विश्वांची मालिका म्हणजे नुसतं व्हीएफएक्स, असं समजून या कामात येऊ नका. मोठा भार कंटिन्युइटीच्या (एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळावं म्हणून ठेवलेल्या नोंदींच्या) वहीवर असतो, आणि ती वही बहुतेक वेळा युनिटमधल्या सगळ्यात नव्या एडीच्या (सहायक दिग्दर्शकाच्या) हातात पडते. माझ्या हातात तशीच पडली.

आमच्या मालिकेची कल्पना गोवेकराला एका वाक्यात कळते. गोव्याने संघप्रदेश राहावं की महाराष्ट्रात विलीन व्हावं, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाला १,३८,१७०. एका विश्वात हाच निकाल, दुसऱ्यात उलटा. तिथे १९८७ साली मिळालेला राज्याचा दर्जा नाही, गोवा सरकारची कदंब बस नाही. फेरीधक्क्याबाहेर एसटी उभी आणि नंबरप्लेटवर एमएच. सगळे फरक या एकाच फाट्यातून निघायला हवेत. मनाला येईल ते पेरणाऱ्या लेखकाशी भांडा, नवखे असलात तरी भांडा.

आता खरा सापळा. विश्वांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणू नका. हे किरकोळ वाटेल, पण आमच्या युनिटचं एडिट यातच अडकलं होतं. शूटिंग विश्वाप्रमाणे होत नाही, लोकेशनप्रमाणे होतं. रायबंदरच्या धक्क्यावर सकाळी एक विश्व, दुपारी तोच धक्का, तोच नट, दुसरं विश्व. मागाहून घातलेला सीन आधीच ‘१२ए’ असतो. दोन कॅमेरे असले की ‘ए कॅमेरा’ असतो, आणि क्लॅप देताना ‘ए मार्क’ ओरडतात. त्यात चौथा ‘ए’ विश्वाचा! एडिटरकडे फुटेज गेलं की यातला कुठला ए कशाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. नटाच्या शर्टावरून ओळखू म्हणाल, तर कथेत तो तोच शर्ट घालून पलीकडे जातो. शेवटी आम्ही कौलातल्याच निशाण्या घेतल्या: संघप्रदेशाची दोन पानं, विलीनीकरणाचं फूल. क्लॅपवर, कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डच्या फोल्डरवर, साउंड रिपोर्टवर, कपड्यांच्या पिशवीवर, सगळीकडे ‘पान’ किंवा ‘फूल’. पहिल्या दिवसाआधी हे ठरवा. नंतर ठरवलेलं नाव कोणी पाळत नाही.

एकच नट दोन्ही रूपांत एका फ्रेममध्ये हवा असेल तर कॅमेरा जखडून दोनदा शूट करतात आणि फ्रेमचे दोन अर्धे जोडतात. मेकअप बदलेपर्यंत मांडवी नदीचं पाणी मात्र थांबत नाही. भरती-ओहोटीने पाण्याची रेघ सरकते, सावलीही सरकते, आणि दोन अर्धे जुळत नाहीत. भरतीचं वेळापत्रक कॉल शीटला (त्या दिवसाच्या शूटिंगच्या कागदाला) टाचून ठेवा, किंवा फ्रेममध्ये नदीच घेऊ नका.

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत फुटलेली विश्वं पुढे एकमेकांना गाठत नाहीत. मालिकेत ती भेटतात, कारण कथेला ते हवं असतं. म्हणून पलीकडून काय येतं (घड्याळ, जखम, ओले बूट), ते लेखकाकडून आधीच लिहून घ्या.

घाबरू नका, हे सगळं शिकता येतं. विज्ञानाची पदवी लागत नाही, चिकाटी लागते. कंटिन्युइटीची ॲप्स मला पटत नाहीत. हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं. इफ्फी चित्रपट महोत्सवात ओळखी काढत फिरण्यापेक्षा एखाद्या जुन्या ड्रेसदादांजवळ (कपडेपट सांभाळणाऱ्यांजवळ) बसा. कुठली बाही किती दुमडली होती, हे त्यांना आठवतं. तुम्हाला ओरडणारा गुरू मिळाला तर मात्र सोडून जा. ओरडा खाऊन कोणी नीट नोंदी ठेवायला शिकत नाही.

आणि शूटिंगच्या परवानगीसाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करताना दोन्ही विश्वांचे बोर्ड, बनावट नंबरप्लेटी आणि एसटी यांची यादी सोबत जोडा. धक्क्यावर पोलीस आले की तोच कागद दाखवता येतो.