चिनूक सॅल्मनची अंडी फलित करण्याची कोरडी पद्धत

पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, चिनूक या सॅल्मन माशाची अंडी फलित करताना सगळ्यात सांभाळायचं ते पाणी. सॅल्मनचे शुक्रजंतू पाणी लागताच वळवळतात आणि मिनिटभरात थंडावतात. शुक्रजंतू आत शिरतात ते अंड्याचं सूक्ष्म छिद्रही लवकरच मिटतं. म्हणून बादली, हात, मासा, सगळं आधी पुसून घ्या.

मादीचं पोट चाचपा. अंडी आत मोकळी सरकत असतील आणि हलक्या दाबाने एखाददुसरं बाहेर येत असेल, तर ती तयार आहे. पोट टणक असेल तर आठवडाभर थांबा. घाई केली की अंडी पडद्याला चिकटलेली निघतात आणि वाया जातात.

चिनूक एकदा विऊन मरतोच, त्यामुळे मादी मारून अंडी काढतात. मारल्यावर रक्त पूर्ण निथळू द्या, मग मलद्वारापासून कल्ल्यांकडे चिरा. सुऱ्याचं टोक खोल घालू नका: फुटलेल्या अंड्यांचा बलक पाण्यात साकळतो आणि चांगल्या अंड्यांची छिद्रं बुजवतो. पुष्कळशी अंडी अशीच वाया जाऊ शकतात.

अंड्यांवर नराचं वीर्य पिळा. ते सायीसारखं दाट हवं. पाणचट किंवा लालसर असेल तर दुसरा नर घ्या. एका मादीला एक नर. अनेकांचं वीर्य एकत्र केलं तर एखादाच जोमदार नर बाजी मारतो आणि वाणातली विविधता घटते. हाताने अलगद ढवळा, मग अंडी बुडतील एवढं पाणी घाला. दोनेक मिनिटांनी नितळ होईपर्यंत धुवा आणि तासभर हलवू नका, अंडी पाणी शोषून कडक होतात. त्यानंतर 100 पीपीएम (दहा लाख भागांत 100 भाग) आयोडोफोरमध्ये, म्हणजे आयोडीनच्या जंतुनाशकात, 10 मिनिटं ठेवा.

ट्रेमध्ये अंधार आणि वाहतं, गार पाणी हवं. पाणी 10 अंशांवर असेल तर साधारण 25 दिवसांत अंड्यात काळे डोळे दिसतात, 50 च्या आसपास पिल्लं बाहेर येतात. पाणी गार असेल तर त्या हिशेबाने दिवस वाढतात. दुसऱ्या दिवसानंतर डोळे दिसेपर्यंत ट्रेला धक्का नको, या काळात गर्भ फार नाजूक असतो.

डोळे दिसल्यावर मात्र अंडी मुद्दाम फूटभरावरून पाण्यात ओता. त्या धक्क्याने फलित न झालेली दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. ती लगेच वेचा, नाहीतर त्यांच्यावर धरलेली बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांना वेढते.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांना पोटाखालची बलकाची पिशवी जवळजवळ जिरेपर्यंत खाद्य टाकू नका; ती खात नाहीत, नुसतं पाणी नासतं.